गुडघे दुखतात म्हणून बसून राहू नका

"आता काय, गुडघे गेले, आमचे सगळे संपले," हे वाक्य आपल्या वस्त्यांतून इतके सर्रास ऐकू येते की ऐकणाऱ्याला त्याचे काही वाटेनासे झाले आहे. साठीच्या आसपासची कोणतीही आई, मावशी, आत्या घ्या. बोलता बोलता हात गुडघ्याकडे जातो. उठताना भिंतीचा आधार, बसताना 'आई गं', जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी. पुरुषांचीही तीच कथा. गोदीत, गिरणीत, रेल्वेच्या रुळांवर, महापालिकेच्या सफाई खात्यात ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे अंग मोडून काम केले, ते आज दारातल्या खुर्चीवर बसलेले दिसतात. बसले ते बसले.

आमच्या मते खरी काळजी दुखण्याची जितकी आहे, त्याहून अधिक या 'बसले ते बसले'ची आहे. आम्ही डॉक्टर नाही. फायली आणि हिशेब यांत आयुष्य घालवणारी कारकून मंडळी. परंतु वस्तीतील वडीलधाऱ्यांचे कागद करून देताना आणि त्यांच्यासोबत सरकारी इस्पितळाच्या रांगेत उभे राहताना आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. डॉक्टर सांगतात, "चालते-फिरते राहा." घरी पोचेपर्यंत त्याचे होते, "आराम करा." या एका फरकाने माणसाची पुढची दहा-पंधरा वर्षे बिघडतात. म्हणून आज हा विषय घेतला.

हे दुखणे कोणते?

गुडघे दुखण्याची कारणे अनेक आहेत. परंतु उतारवयात सर्वांत जास्त आढळणारे दुखणे म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. आपल्या बोलीत त्याला 'संधिवात' म्हणतात. कोणी 'गादी झिजली' म्हणतो, कोणी 'वंगण संपले', कोणी 'गुडघ्यात गॅप आला'. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा विकार होता. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के लोक पंचावन्न वर्षांपुढचे आणि ६० टक्के स्त्रिया. सर्वांत जास्त धरला जाणारा सांधा गुडघ्याचा. तेव्हा "आमच्याच नशिबी हे आले" असे कोणी समजू नये.

आमवात हा वेगळा रोग आहे. त्यात बहुधा हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ अंग आखडलेले राहते. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. चालताना, जिना उतरताना, बराच वेळ बसून उठताना दुखते आणि थोडे थांबले की बरे वाटते. गुडघा एकाएकी सुजून लाल व गरम झाला, ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना, सांधा अडकून बसला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर हे सदर वाचत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आता गादीविषयी. सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत आवरण असते, त्याला कूर्चा म्हणतात. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न कोठून मिळते? सांध्यातल्या पातळ द्रवातून. पाय हलला, भार पडला, भार सुटला, की ओल्या स्पंजासारखा तो द्रव आत-बाहेर होतो आणि कूर्चेचे पोषण होते. म्हणजे सांधा हलला तरच त्याला अन्न मिळते. बसून राहिलेला सांधा उपाशी राहतो.

दुसरी गोष्ट स्नायूंची. गुडघ्याचा भार एकट्या हाडावर नसतो. मांडीचा पुढचा मोठा स्नायू तो उचलून धरतो. दुखते म्हणून माणूस बसतो, बसला की स्नायू रोडावतो, स्नायू रोडावला की सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणे वाढते. दुखणे वाढले की माणूस आणखी बसतो. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र आहे. मुद्दल कमी होत नाही आणि व्याज चढतच जाते. यातून सुटण्याचा मार्ग एकच : स्नायूला पुन्हा कामाला लावणे.

एक्स-रे पाहून पुष्कळांचा धीर सुटतो. "हाडाला हाड लागले आहे" असे कोणी म्हटले की माणूस पाऊल टाकायला भितो. परंतु एक्स-रे आणि दुखणे यांचा मेळ नेहमी बसत नाही. एक्स-रेमध्ये बरीच झीज दिसणारे कितीतरी लोक हिंडते-फिरते असतात, आणि थोडी झीज दिसणारा माणूस कण्हत असतो. तेव्हा चित्र पाहून निकाल लावू नये. पाय काय करू शकतो ते पाहावे.

"जन्मभर कष्ट केले, आता व्यायाम कसला?"

हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो आणि तो विचारणाऱ्याचा राग आम्हांला समजतो. चार घरची धुणीभांडी केलेल्या, डोक्यावर पाट्या वाहिलेल्या बाईला कोणी पांढऱ्या बुटातला माणूस "रोज चालत जा, मावशी" म्हणतो, तेव्हा तिला ती थट्टा वाटली तर नवल नाही. ती म्हणते, "चालून चालूनच तर गुडघे गेले."

तिचे म्हणणे अर्धे खरे आहे. तासन्‌तास उकिडवे बसणे, गुडघे टेकून काम करणे आणि जड ओझे उचलणे यांनी गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस होण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. ब्रिटनमध्ये खाणीत गुडघ्यांवर वाकून कोळसा काढणाऱ्या कामगारांचा हा विकार २००९ साली सरकारने व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला आणि त्यांना भरपाईचा हक्क मिळाला. पुढे २०१२ साली जमिनीवर गालिचे व फरशा बसवणाऱ्या कामगारांनाही तो मिळाला. तिथे कामगाराच्या गुडघ्याची नोंद सरकारी वहीत झाली. आपल्याकडे रोज पाच घरची लादी उकिडवे बसून पुसणाऱ्या बाईच्या गुडघ्याची नोंद कोण ठेवतो? ती म्हातारपणी घरी बसते आणि लोक म्हणतात, "वय झाले." वय तर झालेच, पण त्यात कामाचाही वाटा आहे, हे आपण तरी मान्य केले पाहिजे.

मात्र तिचे उरलेले अर्धे म्हणणे खरे नाही. कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कष्टात भार किती, वेळ किती, विश्रांती केव्हा, हे मालक ठरवतो. व्यायामात ते आपण ठरवतो. कष्टात तोच सांधा, त्याच पद्धतीने, दुखत असला तरी राबवला जातो. व्यायामात दुबळा स्नायू शोधून त्याला थोडे थोडे बळ दिले जाते आणि मग सोडले जाते. कष्टाने झिजलेल्या अंगाला व्यायामाची गरज कमी नसते, उलट जास्त असते. जन्मभर दुसऱ्यासाठी अंग झिजवले; आता रोज अर्धा तास स्वतःच्या अंगासाठी द्यायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आज जगभरातील डॉक्टरांचे या बाबतीत एकमत आहे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी २०२२ साली जी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाली, तिच्यात व्यायाम आणि वजनावर ताबा या दोन गोष्टी उपचाराच्या पायाशी ठेवल्या आहेत. गोळ्या त्यांच्या जोडीला. अमेरिकेत गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या पन्नाशीपुढच्या हजाराहून अधिक लोकांची काही वर्षे पाहणी केली गेली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे गुडघे आरंभी वारंवार दुखत नव्हते, त्यांपैकी व्यायाम म्हणून चालणाऱ्यांमध्ये ते दुखणे नव्याने सुरू होण्याचे प्रमाण न चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. चालण्याने गुडघे जातात ही समजूत त्या पाहणीत टिकली नाही.

घरच्या घरी काय करावे?

यासाठी पैसे लागत नाहीत. एक भक्कम खुर्ची, एक चटई किंवा पलंग, एक टॉवेल आणि स्वयंपाकाचा ओटा पुरे. ज्यांना हृदयविकार आहे, चक्कर येते किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. शक्य असेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या इस्पितळातील फिजिओथेरपी विभागात एकदा जाऊन हे व्यायाम समोर करून घ्यावेत.

पहिला : पलंगावर पाय लांब करून बसावे. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवावी आणि गुडघ्याने ती खाली दाबावी. मांडी घट्ट झालेली हाताला जाणवली पाहिजे. पाच आकडे मोजून सोडावे. असे दहा वेळा.

दुसरा : खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच आकडे धरावा, सावकाश खाली आणावा. दहा वेळा, मग दुसरा पाय.

तिसरा : पाठीवर निजून एक गुडघा दुमडावा. दुसरा पाय सरळ ठेवून जमिनीपासून फूटभर उचलावा, पाच आकडे धरून हळूच खाली ठेवावा. धपकन सोडू नये. श्वास कोंडू नये.

चौथा : खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी म्हणजे सरकणार नाही. खुर्चीवरून उठावे आणि हळूहळू बसावे. सुरुवातीला हातांचा आधार घ्यावा. बळ आले की हात छातीशी धरावेत. आरंभी पाच वेळा, पुढे दहा वेळा. आम्हांला विचाराल तर सर्वांत उपयोगी व्यायाम हाच, कारण संडासातून, पलंगावरून, बसच्या आसनावरून उठताना नेमके हेच बळ लागते.

पाचवा : ओटा धरून टाचा उचलाव्यात आणि खाली ठेवाव्यात, दहा वेळा. मग ओटा धरूनच एका पायावर दहा आकडे उभे राहावे, नंतर दुसऱ्या. याने तोल सुधारतो. म्हातारपणी पडणे हे गुडघेदुखीहूनही महाग पडते.

आणि चालणे. एकदम तासभर नको. सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, सपाट रस्त्यावर. दर आठवड्याला दोन-दोन मिनिटे वाढवावीत. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग असावा. आठवड्याला दीडशे मिनिटे, दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दीडशे मिनिटे ऐकून घाबरू नये. ती पूर्ण झालीच पाहिजेत असे नाही. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले केव्हाही बरे.

दुखले तर काय?

दुखणारच. बरेच महिने न वापरलेला स्नायू पहिले काही दिवस कुरकुर करतो. परंतु दुखले म्हणजे आत काही तुटले असे नव्हे. यासाठी एक साधे माप आहे. दुखणे दहापैकी किती, असे स्वतःला विचारावे. पाचपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे झाले असेल, तर व्यायाम बरोबर चालला आहे. त्याहून अधिक दुखले किंवा दुसऱ्या दिवशी सूज आली, तर व्यायाम बंद करू नये, निम्मा करावा. दोन दिवसांनी पुन्हा हळूहळू वाढवावा.

दुसरी गोष्ट धीराची. आठ दिवसांत गुण येत नाही. दीड ते तीन महिने नेटाने केल्यावर फरक कळतो, आणि सोडून दिले की मिळवलेले बळ पुन्हा जाते. पोस्टातल्या आवर्त ठेवीसारखे आहे. हप्ता छोटा असला तरी चुकवायचा नाही.

भार हलका करण्याचे उपाय

ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. शरीराचे एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. दिवसात हजारो पावले पडतात. वाचकांनी गुणाकार करून पाहावा. उपाशी राहून वजन उतरवू नये, त्याने स्नायूच जातात. चहातली साखर, तळण, पाव-बिस्किटे, दुपारचा भाताचा डोंगर कमी करावा. डाळ, उसळ, अंडे, सुकट, भाजी यांना हात आखडू नये. आंबट सोडले की गादी भरून येते, ही समजूत मात्र खरी नाही.

काठी धरायला लाज वाटते, विशेषतः आपल्या बायकांना. ती लाज सोडावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. काठीचे टोक जमिनीवर आणि मूठ मनगटाच्या रेषेपाशी, एवढी उंची असावी. जिन्याला नियम असा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि हात कठड्यावर.

घरात जमिनीवर बसून विळीवर चिरण्यापेक्षा टेबलावर किंवा ओट्यावर चिरावे. कपडे धुताना उंच स्टूल घ्यावे. ज्या भगिनी अजून घरकाम करतात त्यांनी मालकिणीकडे लांब दांड्याचा पोछा मागावा. ही मेहेरबानी नव्हे. ज्या गुडघ्यांवर तिचे घर चकचकीत होते त्या गुडघ्यांची ती साधी किंमत आहे.

आणि संडास. ज्याविषयी कोणी बोलत नाही पण ज्यापायी आपले कितीतरी वडीलधारे पाणी कमी पितात, ती अडचण हीच. उकिडवे बसता येत नाही, बसले तर उठता येत नाही. घरात संडास असेल तर कमोड खुर्ची त्यावर ठेवता येते आणि भिंतीला एक दांडा ठोकला की उठणे सोपे होते. पण चाळीत आणि झोपडपट्टीत जिथे सार्वजनिक शौचालय आहे, तिथे काय? प्रत्येक सार्वजनिक शौचालयात निदान एक कमोड आणि एक दांडा असावा, अशी मागणी वस्तीने मिळून वॉर्ड ऑफिसात लेखी द्यावी. अर्जाची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. गुडघेदुखीचा हाही एक उपचार आहे.

गोळ्या, पुड्या, सुया आणि शस्त्रक्रिया

दुखणे फार असेल तेव्हा गुडघ्याला लावायचे वेदनाशामक मलम उपयोगी पडते आणि ते गोळीपेक्षा पोटाला सुरक्षित. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या मात्र मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊन महिनोन्‌महिने खाऊ नयेत. त्यांनी जठराला व्रण पडतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांना धोका अधिक. बाजारात, यात्रेत, रेल्वे स्टेशनबाहेर 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून पुड्या विकल्या जातात. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. म्हणूनच पहिल्या दोन दिवसांत चमत्कार वाटतो आणि पुढे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. ज्या पुडीवर काय आहे ते लिहिलेले नाही, ती घरात आणू नये. तेलाने चोळल्याने, शेकल्याने बरे वाटते, खुशाल करावे. पण तेल आत जाऊन वंगण होत नाही.

दुर्बिणीतून गुडघा 'साफ' करून देतो असे कोणी सांगितले तर एक माहिती ध्यानात असू द्यावी. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर प्रयोग झाला आणि २००२ साली तो प्रसिद्ध झाला. काहींच्या गुडघ्यावर खरोखर दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली, तर काहींच्या नुसत्या त्वचेला चिरा देऊन टाके घातले. रुग्णांना आपल्यावर काय केले ते ठाऊक नव्हते. दोन वर्षांनंतर पाहिले तर खऱ्या शस्त्रक्रियेचा खोटीपेक्षा काही अधिक लाभ झालेला नव्हता.

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ही निराळी गोष्ट. व्यायाम, वजन, औषध हे सगळे करूनही रात्रीची झोप मोडत असेल आणि घरातल्या घरात चालणे अवघड झाले असेल, तर ती जरूर करावी. तिला घाबरू नये. परदेशांतील नोंदींवरून २०१९ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार शंभरांतले सुमारे ८२ पूर्ण बदललेले गुडघे पंचवीस वर्षे टिकतात. आपल्या सरकारने २०१७ साली कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातल्याने हा खर्च पूर्वीपेक्षा आटोक्यात आला आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम सुटत नाही. उलट, आधीपासून मांडीत बळ कमावलेला माणूस लवकर उभा राहतो.

कागदांचे काम

आमच्या हातचे काम हेच, म्हणून थोडे सविस्तर. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या कोणत्याही व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण २०२४ पासून मिळाले आहे. आधार कार्ड घेऊन त्याचे वेगळे कार्ड काढावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. कोणती शस्त्रक्रिया कोठे होते हे त्यालाच विचारावे, दलालाला नव्हे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर यांसारखी साधने देते. राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. तिच्यात पासष्टीपुढच्या, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीस गुडघ्याचा पट्टा, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये ठरवले आहेत. अर्ज सध्या घेतले जातात का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून मगच कागद जमवावेत.

एस.टी.चा प्रवास पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत झाला. चांगली गोष्ट आहे. पण एस.टी.ची पहिली पायरी चढता येत नसेल तर त्या मोफत तिकिटाचा उपयोग काय?

घरच्यांसाठी दोन शब्द

आमच्या ओळखीच्या एक मावशी. पाच घरची लादी पुसून मुले शिकवली. गुडघे धरले तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, तू आता बस. खूप केलेस." प्रेमानेच म्हणाला. मावशींनी आधी बाजार सोडला, मग बहिणीकडे जाणे सोडले, मग विहारात येणे सोडले, कारण खाली बसता येत नव्हते आणि एकटीने खुर्ची मागायला संकोच वाटे. शेवटी बँकेत जाणे सोडले. पासबुक मुलाकडे गेले. हयातीच्या दाखल्याचे कागद घेऊन आम्ही घरी गेलो, तेव्हा आपल्या खात्यात किती पैसे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्या बाईने आयुष्यभर स्वतःच्या कमाईचा पै-पैचा हिशेब ठेवला, तिची ही गत. मुलगा वाईट नाही. पण पाय थांबले की माणसाच्या हातातूनही एकेक गोष्ट सुटत जाते, ती अशी.

पुढे इस्पितळातील एका फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यांना वर सांगितलेले व्यायाम शिकवले. नातीने वहीत रोजची खूण करायचे काम घेतले. चार महिन्यांत गुडघे नवे झाले नाहीत, आजही दुखतात. पण मावशी काठी घेऊन दोन मजले उतरतात, भाजी स्वतः निवडून आणतात आणि महिन्यातून एकदा बँकेत जाऊन पासबुक भरून घेतात. पासबुक आता त्यांच्या पिशवीत असते.

तेव्हा सुनांनो, मुलांनो, "तू बस" हे प्रेमाचे वाक्य जपून वापरा. त्याऐवजी "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" म्हणा. काम काढून घेऊ नका. काम सोपे करा. भाजी निवडायला खाली पाट देऊ नका, खुर्ची द्या. नातवंडांना आजीच्या व्यायामाचे मास्तर करा. विहारात आणि समाजमंदिरात मागे भिंतीलगत दहा-बारा खुर्च्या आधीच मांडलेल्या असाव्यात, कोणाला मागाव्या लागू नयेत. खुर्ची मागावी लागते म्हणून जो माणूस घरी राहतो, तो सभेला आपणच गमावलेला असतो.

महिला मंडळांना आमची एक सूचना आहे. समाजमंदिर संध्याकाळी रिकामेच असते. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास, वस्तीतल्या साठीपुढच्या सर्वांनी तिथे जमावे. एखाद्या फिजिओथेरपिस्टला पहिल्या दिवशी बोलवावे. पुढे आपल्यातल्याच एकीने आकडे मोजावेत. घरी एकट्याने केलेला व्यायाम महिन्याभरात सुटतो, चारचौघींत केलेला टिकतो, कारण एक दिवस गेले नाही तर दुसरी दारात येऊन विचारते, "काय गं, आज का नाही आलीस?"

खुर्च्या लावा, दिवस ठरवा, आणि या आठवड्यातच सुरुवात करा.